बाहेरची सोय

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या घरात एकच प्रश्न होता, आतलं की बाहेरचं. पोळ्या लाटताना तोच, वह्या तपासताना तोच, नळाला पाणी आलं की टाकी भरतानाही तोच. मुलीला मुंबई-पुण्याच्या मधलं ते मोठं पाळण्यांचं पार्क पाहायचं होतं. पार्कचं स्वतःचं एक हॉटेल कुंपणाच्या आत होतं आणि बाहेर रस्त्याच्या कडेने दहा-बारा हॉटेलं होती. त्यातलं एक निवडायचं, एवढंच काम. पण आमच्या घरात 'एवढंच काम' म्हणून जे येतं ते माझ्याच डोक्यावर येऊन बसतं, आणि आता मला त्याचं नवलही वाटत नाही.

मी नांदुऱ्यात एका शाळेवर मराठी शिकवते. नवरा जिनिंगमध्ये कारकून आहे. दिवाळीच्या सुमाराला कापसाच्या गाड्या लागल्या की त्याला मान वर करायला फुरसत नसते, असं तो सांगतो. त्याला काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "तू पाय, मले त्यातलं काय समजते." मुलगी सातवीत आहे, तिला सगळंच समजतं. तिने मोबाइलवर त्या पार्कचे इतके व्हिडिओ पाहिले होते की कोणत्या पाळण्याला किती वेळ रांग लागते हे तिने झोपेतही सांगितलं असतं. तिला आतलंच हॉटेल पाहिजे होतं, कारण तिथल्या खिडकीतून पाळणे दिसतात. नवऱ्याला आतलं चालणार होतं, बाहेरचंही चालणार होतं, फक्त त्याला त्यात ओढायचं नाही.

पैसे देऊन हॉटेलात राहणं आमच्या दोन्ही घरांत तोवर कोणी केलेलं नव्हतं. आमच्याकडे हॉटेल म्हणजे जिथे कचोरी आणि चहा मिळतो ते. राहायचं ते नातेवाइकांकडे, नाहीतर देवाच्या गावी भक्तनिवासात. लॉज म्हटलं की बायका अजून एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. त्यामुळे हॉटेल बुक करायचं चाललंय असं मी मायला फोनवर सांगितलं तेव्हा तिला ती जेवणाची सोय वाटली. दोन दिवसांच्या जेवणासाठी आतापासून पैसे कशाला भरता, मी दशम्या करून देते ना, असं ती म्हणाली. मग मी समजावलं की इथे हॉटेल म्हणजे राहायची खोली, एक आत आहे, एक बाहेर आहे. ती "हाव, हाव" म्हणाली. शाळेत पोरं असं "हो मॅडम" म्हणतात तेव्हा काहीच कळलेलं नसतं हे मला ओळखता येतं, पण आईच्या बाबतीत ते माझ्या लक्षात आलं नाही.

माय वरवट बकालला भावाकडे राहते. वडील जाऊन तीन वर्षं झाली. सहल मुलीच्या नावाने चालली होती, पण खरं सांगायचं तर मला माय यायला हवी होती. ही बाई एकेकाळी भावकीतलं एक लग्न सोडत नसे. जीपमध्ये जागा नसली तर मागे उभ्या माणसांत उभी राहून जायची. आणि गेली दोन वर्षं तिने कुठेही जाणं बंद केलं होतं. कुठे चल म्हटलं की म्हणायची, मले गाडी लागते. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात ती मांडवाच्या अगदी कडेला बसली आणि जेवणाची पंगत बसायच्या आत भावाला घेऊन निघूनही गेली. कोणाकडे गेलीच तर चहा अर्धा कप. "अर्धाच दे वो, जास्ती नको." लोक म्हणायचे, किती मोजकं वागते. मलाही तसंच वाटायचं. भाऊ म्हणायचा, वय झालं. मला मात्र वाटायचं की वडिलांच्या मागे हिने हट्टाने स्वतःला घरात कोंडून घेतलंय. त्याचा मला राग यायचा. कीव नाही, रागच. आधीच शाळा, घर, सासरचे सणवार यांत माझा जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हिची दर वेळची मनधरणी कोण करणार? या खेपेला ती नाही म्हणाली तर पुन्हा तिला कुठेही चल म्हणायचं नाही, असं मी मनात पक्कं केलं होतं.

तर आतलं की बाहेरचं. आतलं जवळजवळ दुप्पट महाग. पण खोलीतून निघालं की पाच मिनिटांत पाळण्यापाशी, सकाळी इतरांच्या आधी आत सोडतात, आणि दुपारी ऊन झालं की खोलीत येऊन पाय लांब करता येतात. बाहेरच्याचा फोटो बघून मला आमच्या तालुक्याच्या विश्रामगृहाची आठवण झाली. चार पलंगांची एकच मोठी खोली, घरगुती शाकाहारी जेवण, सकाळी पार्कच्या गेटापर्यंत सोडायला आणि संध्याकाळी आणायला हॉटेलचीच गाडी. मधल्या वेळेत जायचं झालं तर रिक्षा. लोकांनी खाली लिहिलेले अभिप्राय मी वाचत बसायचे. एकाला तिथलं वरण आवडलं होतं, एकाच्या बॅगेत मुंग्या शिरल्या होत्या. एकाने नुसतंच 'ठीक' लिहिलं होतं आणि त्या माणसाचा मला सगळ्यात जास्त भरवसा वाटला.

शाळेत शिक्षकांच्या खोलीतही हा विषय निघाला. तिथे कोणताही विषय निघाला की दोन पक्ष पडतात. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, दिवसभर तर फिरायचं आहे, नुसतं झोपायला आतलं कशाला? गणिताच्या बाई मागच्या वर्षी सासूला घेऊन जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, म्हातारं माणूस सोबत असेल तर डोळे मिटून आतलं घ्या, दुपारी खोली जवळ लागते. मला ते पटलं. मी आतलं जवळजवळ ठरवलंच होतं. फक्त मायचा होकार यायचा होता, कारण ती नसेल तर एवढा खर्च करण्यात मला अर्थ वाटत नव्हता.

तो होकार एका मधल्या सुट्टीत आला. मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी होते. सगळ्या शाळेचा गलका कानावर, एका कानात बोट घातलेलं, दुसऱ्या कानाला मोबाइल. मी जरा तावातच विचारलं की येणार आहेस की नाही, आज सांग, मला पुढचं ठरवायचं आहे. तिचा आवाज एकदम खाली आला. वहिनी नाहीतर शेजारचं कोणी जवळ बसलं असावं.

"बाई, तिथं बाहेरची सोय हाय ना?"

"हाव माय, हाय ना. बाहेरची बी हाय."

"लांब नाही ना?"

"नाही वो. दहा मिनिटं लागते. गेटावर रिक्षा भेटते."

"रिक्षानं जा लागते?"

"हाव. मंग काय झालं? सारे तसेच जातेत."

घंटा वाजली, पोरं वर्गात पळायला लागली. मला सहावी ब वर तास होता.

"बरं," माय म्हणाली. "येते मंग मी."

मला इतकं हलकं वाटलं की त्या तासाला मी पोरांना गृहपाठ दिला नाही. आणि मायचा स्वभाव मला माहीत होता. लेकीच्या संसारातून आपल्यासाठी जास्त पैसा जाऊ नये म्हणून तिने आडून बाहेरचं विचारलं, असं मी समजले. जावयाच्या पैशाने महागाच्या खोलीत झोपायला तिला संकोच वाटणारच. तिचं मन राखायचं म्हणून त्याच दिवशी मी बाहेरचं बुक करून टाकलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवरा म्हणाला, बरं झालं, एकदाचं ठरलं.

माय निघायच्या दिवशी वरवटहून जीपने नांदुऱ्याला आली ती तोंड एवढंसं करून. आल्या आल्या न्हाणीत गेली. मी म्हटलं, लागली ना गाडी? ती हो म्हणाली. रेल्वेत मात्र तिने आपणहून दाराजवळचा बाक मागून घेतला. तिथे संडासाचा वास येतो म्हणून आम्ही सगळे नाक मुरडत होतो, आणि ही एकटी तिथे मजेत बसली होती, मुलीशी गप्पा मारत, शेंगदाणे सोलत. मला बरं वाटलं. मी नवऱ्याला म्हटलंही, बघा, बाहेर पडली की कशी खुलते.

सकाळी हॉटेलवर सामान टाकलं, अंघोळी केल्या आणि हॉटेलच्या गाडीने गेटावर गेलो. निघताना खोलीत सगळ्यांनी चहा घेतला. मायने घेतला नाही. पोटात गडबड नको, म्हणाली. गेटावर पिशव्या तपासल्या आणि तिच्या दशम्या बाहेर ठेवायला लावल्या. त्या पहारेकऱ्याला तिने सांगून पाहिलं की घरच्या तुपातल्या हायेत. त्याने हसून मान हलवली, पण आत काही सोडलं नाही.

पार्क मोठं होतं, एवढंच मी त्याच्याबद्दल सांगू शकते. रंग, गाणी, रांगा, ऊन. दिवाळीची सुट्टी असल्याने अर्धा महाराष्ट्र तिथे होता आणि उरलेला अर्धा गुजरातहून आला होता. आम्ही मायला एका झाडाखालच्या बाकावर पिशव्या राखायला बसवलं. आम्ही जायचो, यायचो, पुन्हा जायचो. मी दोनदा मुलीला घेऊन बायकांच्या संडासात जाऊन आले. "आलोच हं," एवढं मायला सांगितलं. कुठे गेलो होतो ते सांगायचं मला सुचलं नाही आणि तू येतेस का हे विचारायचंही नाही. पाण्याची बाटली मी तिच्या मांडीवर ठेवली होती. ती दुपारपर्यंत तशीच भरलेली होती.

तीनच्या सुमाराला नवरा आणि मुलगी सगळ्यात मोठ्या पाण्याच्या घसरगुंडीच्या रांगेत उभे होते. मी पाय दुखले म्हणून मायजवळ येऊन बसले. तेव्हा ती म्हणाली, "मले खोलीवर घेऊन चाल."

मी म्हटलं, सहाला गाडी येते, तेव्हा जाऊ सगळे. ती म्हणाली, आताच. मला इतका संताप आला की काय सांगू. महिनाभर मी हा घोळ घातला होता. तिच्या मनासारखं हॉटेल घेतलं, तिच्यासाठी मुलीचा रुसवा सोसला. आणि आता पाच तास होत नाहीत तोच हिला परत जायचं आहे, जसं चुलतभावाच्या घरच्या लग्नातून गेली होती. मी ते सगळं तिला बोलून दाखवलं. तिथे बाकावर, माणसांत. कुठेही गेलं की तुझं असंच, तुला आमच्या आनंदात यायचंच नसतं, असं काहीबाही. ती ऐकून घेत होती. तिचा चेहरा घामेजला होता. मी बोलायची थांबले तशी ती उठली आणि आम्ही ज्या गेटाने आलो होतो तिकडे चालायला लागली. नवऱ्याला फोन करून मीही तिच्या मागे निघाले.

गेटाबाहेर एकही रिक्षा नव्हती. भर दुपारी कोण परत जातं? मी म्हटलं थांबू, येईल. ती थांबली नाही. रस्ता कुठला ते तिला माहीत होतं, सकाळी तिने नीट पाहून ठेवला होता. एरवी गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या उतरणारी बाई इतक्या झपाझप चालत होती की मला पाय उचलावे लागले. रस्त्याच्या एका बाजूला तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला गाड्या. आडोसा असा कुठे नव्हताच. अर्धा रस्ता झाला असेल. ती एकदम थांबली आणि तिने कुंपणाचा खांब धरला.

मी चालीच्या भरात दोन पावलं पुढे गेले होते. मागे वळून म्हटलं, "आता काय झालं? चाल ना."

ती खाली बघत होती. मीही खाली पाहिलं. फिक्या गुलाबी रंगाचं ते पातळ तिने सहलीसाठी नवं काढलं होतं. ते पुढून खालपर्यंत ओलं होत चाललं होतं, आणि चपलेखालची माती काळी होत होती.

लाज वाटली, तिची नाही, माझी. पार्कमधून निघालेलं एक कुटुंब आमच्याच दिशेने येत होतं. तीन पोरं, त्यांची आई, बाप, सगळे पाण्यात खेळून आलेले, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, हसत. मायने डोळे मिटून घेतले. माझ्या पिशवीत ती भरलेली बाटली होती. मी झाकण काढलं आणि पाणी तिच्या खांद्यावरून खाली ओतलं. पदरावर, निऱ्यांवर. उरलेलं माझ्या अंगावर.

"काय करून राह्यली तू?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही. आपुन पाण्यातून आलो."

ते कुटुंब जवळून गेलं. त्यातली बाई आमच्याकडे बघून ओळखीचं हसली, भिजलेली माणसं एकमेकांकडे बघून हसतात तशी. मी पण हसले. मग मायचा हात धरला आणि आम्ही सावकाश चालत हॉटेलवर गेलो. घाई करायला आता काही उरलं नव्हतं. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, पाण्यात मजा केलेली दिसते आजींनी, जास्तीचे टॉवेल पाठवतो.

तिची अंघोळ होईपर्यंत मी पलंगावर बसून होते. ती बाहेर आली, केस पुसत खिडकीपाशी बसली. मग तिने थोडं थोडं सांगितलं. दोन वर्षांपासून तिला लघवी धरवत नव्हती. शिंकली, हसली, उशीर झाला की झालंच. वहिनीला सांगायची लाज, भावाला तर सांगायचं कसं. म्हणून चहा अर्धा, म्हणून लग्नातून उठून जाणं, म्हणून गाडी लागते. नांदुऱ्याला आल्यावर मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा कळलं की अशा कितीतरी बायका त्यांच्याकडे येतात, आणि औषधाने बराच फरक पडतो. पण हे नंतरचं. त्या खोलीत मी तिला एवढंच विचारलं की मला काऊन नाही सांगितलं.

"म्या तं इचारलं होतं तुले, बाई. फोनवर."

"काय इचारलं होतं?"

"बाहेरची सोय हाय का म्हून. तू म्हनली, हाय. दहा मिनिटं लागते, रिक्षानं जा लागते. सारे तसेच जातेत म्हनली."

मला कळायला एक क्षण लागला. आमच्या लहानपणी वरवटला घरात संडास नव्हता. बाहेर जाणं म्हणजे तेच, दुसरं काही नाही. कोणी बाहेर गेलंय म्हटलं की कुठे, असं कोणी विचारायचं नाही. पुढे अंगणात संडास बांधला, नंतर तो घराच्या आत आला, तरी माय बाहेरच जात राहिली, म्हणजे शब्दाने. मीही पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत तोच शब्द वापरला होता. मी शाळेत पोरांना वाक्प्रचार शिकवते, त्यांचे अर्थ पाठ करून घेते आणि चुकलं तर गुण कापते. माझी आई दोन वर्षांत पहिल्यांदा धीर करून, आवाज खाली करून, माझ्याकडे आपलं दुखणं घेऊन आली होती. आणि मी तिला सांगितलं होतं की तिथे संडासला जायचं तर दहा मिनिटं रिक्षाने जावं लागतं.

आणि तिने ते खरं मानलं होतं. एवढ्या मोठ्या जागेत आत कोण संडास बांधणार, शहरगावी असंच असेल, असं तिला वाटलं. दिवसातून एकदा रिक्षाने जाऊन येऊ असा तिने हिशोब केला होता. म्हणून रेल्वेतून उतरल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

मी विचारलं, "मंग तरी तू आली काऊन?"

ती टॉवेलची घडी घालत होती. तिने ती पुरी केली, मांडीवर ठेवली.

"तू रागात होती वो फोनवर. म्हटलं, या खेपेले नाही म्हटलं तं परत नाही इचारनार मले."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. रडले, हे सांगायला काय हरकत आहे. महिनाभराचा थकवा होता, दोन वर्षांचा राग होता, सगळं एकदम आलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली की झालं ते झालं, आता जवाई येतील, डोळे पूस.

संध्याकाळी नवरा आणि मुलगी गाडीने आले. दोरीवर पातळ वाळत होतं. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. नवरा म्हणाला, मामी, तुम्ही बी पाण्यात गेल्या का काय? मायने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हाव," ती म्हणाली. "तुमच्या बायकोनं भिजवलं मले."

मुलगी टाळ्या पिटत हसली. नवराही हसला. मायने माझ्याकडे पाहिलं आणि तीही हसली, जरा जपूनच.

दुसऱ्या दिवशीची तिकिटं होतीच. सकाळी मी माय नको म्हणायच्या आधी तिची चप्पल दारात काढून ठेवली. आत गेल्यावर मुलीला आणि नवऱ्याला पाळण्यांकडे पिटाळलं आणि मायला घेऊन झाडू मारणाऱ्या बाईला गाठलं. तिने बोटांवर मोजत सांगितलं, पार्कात बायकांचे संडास सात ठिकाणी आहेत. आम्ही दोघींनी ते सगळे हिंडून पाहिले. देवळं करतो तसे एकामागून एक. पाळणा आम्ही एकही पाहिला नाही. त्यातला एक, कालच्या बाकाच्या मागे, वीस-पंचवीस पावलांवर होता. दारावर झगा घातलेल्या बाईचं चित्र होतं.

"हे काय, हे तं काल पाहिलं होतं म्या," माय म्हणाली. "मले वाटलं, फराकाचं दुकान हाय."

मग आम्ही त्याच बाकावर बसलो. तिथून ते दार समोर दिसत होतं. शेजारी चहाची गाडी होती. मी दोन चहा सांगितले आणि सवयीने म्हटलं, एक अर्धाच द्या. मायने माझ्या हातावर हात ठेवला आणि चहावाल्याकडे वळली.

"भरून दे बाबू," ती म्हणाली.